स्टुडिओतलं लायटिंग पुन्हा तसंच लावायचं असेल, तर नेमकं काय लिहून ठेवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन फ्लॅश लाइट वापरून तुम्ही पोर्ट्रेट काढता, अधूनमधून लहान वस्तूंचे फोटोही काढता. चार महिन्यांपूर्वी एका क्लायंटकडच्या नऊ जणांचे फोटो काढले. आता आणखी दोघांचे फोटो त्याच मालिकेत बसतील असे हवे आहेत. प्रत्येक लाइटची पॉवर लिहिलेली होती, मोबाइलवर सेटअपचे फोटोही होते. तरीही नवा फोटो जुन्यांशेजारी ठेवला की वेगळा पडतो. म्हणून नोंदींसाठी कोणतं ॲप किंवा कोणता तक्ता वापरावा, असं तुम्ही विचारलंय.

ॲपचं नंतर सांगते, कारण अडचण तिथे नाही. लाइटवर काय सेट केलं होतं ते तुम्ही लिहिलंत, पण चेहऱ्यावर काय पडत होतं ते कुठेच लिहिलेलं नाही. पॉवरचा आकडा लाइटच्या नळीतून किती प्रकाश निघाला एवढंच सांगतो. तो चेहऱ्यापर्यंत पोचेस्तोवर सॉफ्टबॉक्स (लाइटवर चढवायची, पुढे पांढरं कापड असलेली पेटी), त्यातलं आतलं कापड, अंतर, उंची, कल आणि आजूबाजूच्या भिंती असे सगळे त्यात हात घालतात. यातलं एखादं जरी बदललं तरी आकडा तोच आणि फोटो निराळा. त्यात प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी. कुठे १/१ पासून १/१२८ किंवा १/२५६ पर्यंत, कुठे १ ते १०. उद्या एक लाइट बिघडला आणि दुसऱ्या कंपनीचा आणावा लागला, तर तुमच्या जुन्या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

हे मी चूक करून शिकले, म्हणून ती चूक सांगते. स्टुडिओत काम सुरू करून मला तीन-चार वर्षं झाली होती. करड्या बॅकग्राउंडवर काही पोर्ट्रेट काढली आणि सहा महिन्यांनी त्यात भर घालायची वेळ आली. माझ्या वहीत सॉफ्टबॉक्स, पॉवर, अॅपर्चर सगळं होतं. की लाइटचं, म्हणजे चेहऱ्यावरच्या मुख्य लाइटचं, अंतर मात्र ‘साधारण एक मीटर’ असं लिहिलेलं. मी एक मीटरवर लाइट लावला, नाकापाशी प्रकाश मोजणारं फ्लॅश मीटर धरून वाचन एफ/८ (अॅपर्चरचा आकडा) आणलं आणि निश्चिंत मनाने शूट केलं. चेहऱ्याचं एक्स्पोजर अचूक होतं, पण बॅकग्राउंड उजळ आलं आणि गालावरची सावली उथळ वाटू लागली. जुने फोटो मोठे करून पाहिले तेव्हा बुबुळातलं सॉफ्टबॉक्सचं प्रतिबिंब नव्या फोटोपेक्षा सुमारे सव्वापट मोठं दिसलं. म्हणजे लाइट आधी ८० सेंटिमीटरच्या आसपास होता. बॅकग्राउंड चेहऱ्यामागे दोन मीटरवर होतं आणि त्याला वेगळा लाइट नव्हता. ढोबळ हिशेब केला तर लाइट ८० सेंटिमीटरवर असताना बॅकग्राउंडवर चेहऱ्यापेक्षा साडेतीन स्टॉपच्या जवळपास (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) कमी प्रकाश पोचतो आणि एक मीटरवर तोच फरक तीन स्टॉपपर्यंत येतो. ‘साधारण’ या एका शब्दाने करड्या रंगात अर्ध्या स्टॉपचा फरक पाडला. सगळे फोटो पुन्हा काढावे लागले.

नोंद किती काटेकोर हवी, हे काम काय आहे त्यावर ठरतं. एकाच पानावर वीस वस्तू शेजारीशेजारी ठेवायच्या असतील तर एक दशांश स्टॉपचा फरकही डोळ्यात भरतो. पोर्ट्रेटच्या मालिकेत चेहरे, त्वचा, कपडे वेगळे असतातच, तिथे पाव-एक स्टॉपचा फरक सहसा खपतो. सावलीची दिशा चुकलेली मात्र खपत नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी नोंद ठेवत असाल तर आकृती आणि दोन ओळी पुरेत. तुमचं काम मधल्या प्रकारातलं आहे, म्हणून पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिते.

अंतरापासून सुरुवात करा. टेप लाइटच्या स्टँडपासून लावू नका, सॉफ्टबॉक्सच्या बाहेरच्या कापडाच्या मध्यापासून नाकाच्या टोकापर्यंत लावा. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौपट कमी होतो, म्हणजे दोन स्टॉप. हा नियम बिंदूएवढ्या लाइटसाठी आहे. मोठा सॉफ्टबॉक्स अगदी जवळ असेल तर तो तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाजाला पुरतो. त्यावरून हेही कळतं की टेपचा काटेकोरपणा सगळीकडे सारखा लागत नाही. लाइट ६० सेंटिमीटरवर असताना पाच सेंटिमीटर चुकलात तर जवळजवळ पाव स्टॉप गेला. अडीच मीटरवर तीच चूक अर्ध्या दशांश स्टॉपची, ती दिसतही नाही. म्हणून जवळचा लाइट मी सेंटिमीटरमध्ये मोजते आणि लांबच्याला पाच-दहा सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी सोडून देते. जवळच्या लाइटचं अंतर चेहऱ्याच्या आतसुद्धा फरक पाडतं. नाकापासून कानापर्यंतचे दहा-बारा सेंटिमीटर घ्या. लाइट ६० सेंटिमीटरवर असेल तर तेवढ्यात अर्धा स्टॉप उतरतो, दीड मीटरवर असेल तर जेमतेम पाव. पॉवर बदलून एक्स्पोजर बरोबर आणता येतं. हा उतार मात्र फक्त अंतराने येतो.

उंची कुठून मोजायची, हा पुढचा मुद्दा, आणि बहुतेकांची नोंद इथेच फसते. जमिनीपासून मोजलेली उंची पुढच्या माणसाला लागू पडत नाही. जुन्या नऊ जणांपैकी कोणी उंच असेल, नवे दोघे बुटके असतील. जमिनीपासून १६० सेंटिमीटर असं लिहून ठेवलंत, तर बुटक्या माणसाला तो लाइट जास्त वरून पडेल, डोळ्यांच्या खोबणीत सावली जाईल. माझ्या नोंदीत शून्य म्हणजे डोळ्यांची पातळी. ‘सॉफ्टबॉक्सचा मध्य डोळ्यांच्या ४० सेंटिमीटर वर’ असं लिहिते. स्टुलाची उंचीही लिहून ठेवते आणि शक्य तिथे स्टूलच वरखाली करून सगळ्यांचे डोळे एकाच पातळीवर आणते, म्हणजे लाइटला हात लावावा लागत नाही. वस्तूंच्या फोटोत टेबलाचा पृष्ठभाग हे शून्य. बॅकग्राउंडवरच्या लाइटचं माप मात्र जमिनीपासून आणि बॅकग्राउंडपासून घ्यायचं, कारण ते माणसाबरोबर बदलत नाही.

दिशेसाठी मी घड्याळ वापरते. वरून पाहतोय असं समजा, मधोमध माणूस आणि ६ वर कॅमेरा. मग साडेसातवरचा लाइट म्हणजे कॅमेऱ्याच्या डावीकडे ४५ अंश. एक तास म्हणजे ३० अंश. डावं-उजवं कोणाचं, माणसाचं की कॅमेऱ्याचं, हा गोंधळ यात होतच नाही. सहा महिन्यांनी वही मीच वाचणार असले तरी तेव्हा मी जवळपास परकीच असते, आणि कित्येकदा ती नोंद माझ्या सहाय्यकाला वाचायची असते.

लाइट कुठे आहे याइतकंच तो कुठे बघतोय हेही लिहावं लागतं. की लाइट तुम्ही सरळ चेहऱ्यावर रोखता, की थोडा पुढे वळवून त्याच्या कडेचा मऊ भाग चेहऱ्यावर घेता? दोन्हींत अंतर, उंची आणि घड्याळातली जागा तीच असू शकते, तरी त्वचेवरची चमक आणि बॅकग्राउंडवर सांडणारा प्रकाश पूर्ण वेगळा. यासाठी मी लाइटच्या मागे उभी राहते, दांड्याच्या रेषेत पाहते आणि ती रेषा कुठून जाते ते शब्दांत लिहिते: ‘नाकाच्या २५ सेंटिमीटर पुढून’, ‘लांबच्या खांद्यावर’. खाली किती कलला आहे ते मोबाइलच्या पातळी मोजणाऱ्या सोयीने अंशांत मिळतं. मोबाइल सॉफ्टबॉक्सच्या मागच्या कड्याला टेकवला की काम झालं. वर्षानुवर्षं नोंदी ठेवणारेसुद्धा ही ओळ गाळतात. माझ्या अनुभवात ‘सगळं तेच आहे, पण फोटो तसा नाही’ याचं कारण बहुतेक वेळा याच ओळीत सापडतं.

सॉफ्टबॉक्स आणि छत्र्यांबद्दल फार लिहीत नाही, पण ‘९० सेंमी अष्टकोनी’ एवढं पुरत नाही. आतलं कापड लावलं होतं की काढलं होतं, ग्रिड (प्रकाशाचा पसारा आवळणारी जाळी) होतं का, छत्रीचा दांडा कुठपर्यंत आत सरकवला होता, साध्या स्पीडलाइटचा, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या लहान फ्लॅशचा, झूम किती मिलिमीटरवर होता, हे सगळं प्रकाशाचा पसारा बदलतं. पांढरं कापड वापरून वापरून पिवळसर पडतं, त्यामुळे एकाच मापाचे दोन सॉफ्टबॉक्ससुद्धा एकसारखे नसतात. मी प्रत्येकावर मार्करने क्रमांक टाकलाय आणि नोंदीत तोच क्रमांक लिहिते.

आता मीटर. जवळ फ्लॅश मीटर असेल तर ज्या आकड्यावर सगळी नोंद उभी राहते तो इथेच मिळतो. बाकीचे लाइट बंद करून एकच लाइट चालू ठेवायचा, मीटर नाकापाशी धरायचं, पांढरा घुमट आत दाबून तो त्या लाइटकडे वळवायचा आणि वाचन लिहायचं. मग दुसरा लाइट एकटा, मग तिसरा. शेवटी सगळे चालू करून, घुमट बाहेर काढून, कॅमेऱ्याकडे तोंड करून एकत्र वाचन. घुमट बाहेर ठेवून लाइटकडे वळवणारेही चांगले फोटोग्राफर आहेत. तुमची पद्धत कोणतीही असो, ती नोंदीत लिहा आणि बदलू नका. समजा, की लाइट एकटा एफ/८ आणि फिल (सावल्या उजळवणारा दुसरा लाइट) एकटा एफ/४. दोघांत दोन स्टॉपचं अंतर आहे, म्हणजे फिल कीच्या पाव. दोन्ही एकत्र केले की बेरीज सव्वापट, म्हणजे एफ/८ च्या वर तीन दशांश स्टॉप, म्हणून कॅमेरा एफ/९ वर. हे गणित जुळलं नाही तर कुठला तरी एक लाइट दुसऱ्याच्या वाचनात डोकावतोय किंवा कुठलीतरी पांढरी भिंत काम करतेय, हे तिथल्या तिथे कळतं. बॅकग्राउंडचं वाचन डोक्याच्या बरोबर मागे, बॅकग्राउंडला टेकून घ्यायचं.

मीटर नसेल तरी काम अडत नाही. चेहऱ्याच्या जागी १८ टक्के करडं कार्ड धरा, कॅमेरा पूर्ण मॅन्युअल ठेवा, आणि प्रत्येक लाइट एकटा लावून त्याच एक्स्पोजरवर एकेक फ्रेम घ्या. मग रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून कार्डावरचे लाल-हिरवा-निळा आकडे वाचून लिहा. प्रोफाइल आणि सेटिंग प्रत्येक वेळी एकच ठेवलं तर हे आकडे तुलनेला चांगले चालतात. आपोआप एक्स्पोजर किंवा आपोआप व्हाइट बॅलन्स यातलं काहीही चालू राहिलं, तर सगळी मेहनत वाया.

एकेका लाइटची स्वतंत्र फ्रेम मात्र मीटर असो-नसो, घ्याच. मी सांगितलेल्यातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. लायटिंग पक्कं झालं की माणूस जागेवर असतानाच, कॅमेऱ्याचं काहीही न बदलता, आधी फक्त की, मग फक्त फिल, मग फक्त बॅकग्राउंड, आणि शेवटी एकही फ्लॅश न चमकवता एक फ्रेम. चार फ्रेमना एक मिनिटही लागत नाही. एकत्र फोटोत फिलची सावली कीच्या प्रकाशात बुडून जाते. एकट्याच्या फ्रेममध्ये ती स्पष्ट दिसते, आणि चार महिन्यांनी तुम्हाला नेमकी तीच शोधायची असते. बिनफ्लॅशची फ्रेम पूर्ण काळी आली पाहिजे. तिच्यात खिडकीचा किंवा छतावरच्या दिव्याचा उजेड दिसला तर तो तुमचा चौथा लाइट आहे आणि त्याची पॉवर दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलते. पडदे लावा, शटर १/१२५ किंवा कॅमेऱ्याच्या सिंकच्या (फ्लॅशशी जुळणाऱ्या शटरवेगाच्या) मर्यादेत राहून १/२०० करा, आणि फ्रेम काळी झाल्यावरच पुढे जा.

हाच फ्रेमचा संच मी शूट संपल्यावर पुन्हा घेते. बूमवरचा, म्हणजे स्टँडच्या आडव्या दांड्यावरचा, जड सॉफ्टबॉक्स तीन तासांत दोन अंश खाली झुकतो, कुणाचा पाय स्टँडला लागतो. सुरुवातीचा आणि शेवटचा संच जुळला तर नोंद सगळ्या फोटोंना लागू. नाही जुळला तर निदान ते आजच कळतं.

चकचकीत धातूचा लहान गोळा मिळाला तर चेहऱ्याच्या जागी धरून त्याचीही एक फ्रेम घ्या. सिनेमातल्या व्हीएफएक्सवाल्यांकडे (संगणकावर दृश्यं घडवणाऱ्यांकडे) हे तंत्र नेहमीचं आहे. पॉल डेबेव्हेक यांनी १९९८ मध्ये अशाच आरशासारख्या गोळ्याचे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो वापरून खऱ्या जागेतला प्रकाश संगणकावरच्या वस्तूंवर बसवून दाखवला होता. आपल्याला तेवढं गणित करायचं नाही. पण त्या गोळ्यात जवळजवळ सगळी खोली दिसते: कुठला सॉफ्टबॉक्स कुठे, केवढा, आणि कुठली पांढरी भिंत किंवा पांढरा शर्ट प्रकाश परतवतोय तेही.

भिंतींचा विषय निघालाच आहे तर सांगते, लायटिंग सगळ्यात जास्त बिघडतं ते खोली बदलल्यावर. बुटकं पांढरं छत म्हणजे वरून येणारा एक भलामोठा फिल. जुना फोटो मोठ्या काळ्या स्टुडिओत काढलेला असेल आणि नवा लहान पांढऱ्या खोलीत, तर लाइट मिलिमीटरमध्ये जुळवूनही सावल्या तितक्या गडद येणार नाहीत. अशा वेळी माणसाच्या सावलीकडच्या बाजूला काळा फोमबोर्ड उभा करा आणि फिलच्या एकट्या फ्रेमशी ताडून बघा. नोंदीत खोलीसाठी एक ओळ पुरते: छत किती उंच, जवळची भिंत किती लांब आणि कुठल्या रंगाची, काळे बोर्ड कुठे होते.

रंगाचं म्हणाल तर व्हाइट बॅलन्स एका ठरावीक आकड्यावर पक्का ठेवा, ५५०० केल्विन ठीक आहे, आणि पहिल्या फ्रेममध्ये २४ चौकटींचं कलर चार्ट घ्या. हे चार्ट १९७६ पासून वापरात आहे आणि अजूनही यापेक्षा सोपा साक्षीदार मला मिळालेला नाही. पॉवर बदलली की रंगही थोडा सरकतो, हे अनेकांना माहीत नसतं. काही फ्लॅश पॉवर कमी करताना कपॅसिटरचा व्होल्टेज उतरवतात, त्यांचा प्रकाश किंचित पिवळसर होतो. काही आयजीबीटी नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचने चमक मध्येच तोडतात, त्यांचा किंचित निळसर होतो. म्हणून लाइट लांब नेऊन पॉवर वाढवली आणि मीटरवर तोच एफ/८ आणला, तरी रंग तोच राहील याची खात्री नाही. रंगीत जेल (लाइटसमोर लावायचा पारदर्शक रंगीत कागद) वापरत असाल तर ‘नारिंगी’ असं लिहू नका, क्रमांक लिहा. ली कंपनीचा २०४ हा फुल सीटीओ (प्रकाश नारिंगी करणारं जेल), २०५ हाफ आणि २०६ क्वार्टर. मॉडेलिंग लॅम्पच्या (फ्लॅशमधल्या सतत चालू राहणाऱ्या दिव्याच्या) उष्णतेने जेल फिकं पडतं, त्यामुळे जुना तुकडा जपून ठेवण्यापेक्षा नवा कापलेला बरा. एलईडीवर काम करणाऱ्यांनी टक्के आणि केल्विनबरोबर हिरवा-मजेंटा सुधारणेचा आकडा आणि मंद करण्याची पद्धत कुठली निवडली होती तेही लिहावं, कारण एकच ३० टक्के दोन पद्धतींत दोन वेगवेगळ्या उजेडांचे असतात.

कॅमेऱ्याची बरीचशी माहिती फाइलमध्येच असते: लेन्स, अॅपर्चर, शटर, आयएसओ. कॅमेरा किती उंचीवर आणि किती अंतरावर होता, हे मात्र त्यात भरवशाने मिळत नाही. अंतर बदललं की चेहऱ्याचा आकारच वेगळा वाटतो आणि लोक उगाच लायटिंगला दोष देतात. कॅमेरा संगणकाला जोडून शूट करत असाल तर कॅप्चर वन या सॉफ्टवेअरमधल्या ओव्हरलेने जुना फोटो अर्धपारदर्शक करून समोरच्या दृश्यावर ठेवता येतो. डोळे आणि खांदे त्यावर बसवले की कॅमेऱ्याची जागा काही मिनिटांत सापडते.

मोबाइलने काढलेले सेटअपचे फोटो चांगलेच, पण त्यांच्याकडून काय मिळतं ते ओळखून घ्या. मोबाइलच्या रुंद लेन्समध्ये कडेची अंतरं ताणली जातात, म्हणून त्यावरून मापं काढू नका. दिसणारा उजेडही मॉडेलिंग लॅम्पचा असतो, फ्लॅशचा नाही. मी तीन फोटो घेते: कॅमेऱ्याच्या मागून, की लाइटच्या उंचीवरून आडव्या बाजूने, आणि शिडीवर चढून वरून. कुठला स्टँड कुठला आणि कुठलं वळण कुठल्या बाजूला, हे आठवायला ते उपयोगी पडतात.

माझी एक नोंद साधारण अशी दिसते:

‘शून्य = डोळे, बसून जमिनीपासून ११८. माणूस ते बॅकग्राउंड २१०. कॅमेरा ६ वर, २४० लांब, डोळ्यांच्या ३ खाली, ८५ मिमी, १/१२५, एफ/९, आयएसओ १००, ५५०० के. की: सॉफ्टबॉक्स २, दोन्ही कापडं, ग्रिड नाही, ७:३० वर, ८० लांब, ४० वर, कल ३० अंश, रोख नाकाच्या २५ पुढून, एकटा एफ/८, पॉवर ५.३. फिल: छत्री ४, कॅमेऱ्यामागे ६ वर, ३०० लांब, ६० वर, रोख छातीवर, एकटा एफ/४, पॉवर ६.०. बॅकग्राउंड: साधा रिफ्लेक्टर, ग्रिड २० अंश, जमिनीपासून ५०, बॅकग्राउंडपासून ९०, रोख डोक्यामागे, तिथे एफ/५.६, पॉवर ३.१. घुमट आत, लाइटकडे. डावी भिंत पांढरी, १८० लांब, काळा बोर्ड लावला. बिनफ्लॅश फ्रेम काळी.’

सगळी मापं सेंटिमीटरमध्ये. पॉवर लिहिलेली आहे, पण प्रत्येक लाइटच्या ओळीत शेवटी. लाइट तोच असेल तर तिथून सुरुवात करता येते, एवढाच तिचा उपयोग.

आता तुमच्या ॲपचं. कुठलंही चालेल, आणि कागदही चालेल. नोंद फोटोंपासून वेगळी पडणार नाही, एवढीच अट. मी कार्डावर ठळक अक्षरांत लिहिते आणि त्या कार्डाचाच फोटो त्याच कॅमेऱ्याने, त्याच शूटमध्ये काढते. मग ते रॉ फाइलबरोबर प्रत्येक बॅकअपमध्ये आपोआप जातं. वही हरवली, मोबाइल बदलला, ॲप बंद पडलं, तरी ते राहतं. शिवाय निवडक फोटोंच्या आयपीटीसी माहितीत (फाइलमध्येच साठणाऱ्या मजकुरात) सूचनांसाठी जी जागा असते, तिथे की, फिल आणि बॅकग्राउंडची वाचनं टाइप करून ठेवते, म्हणजे शोधताना सापडतात.

पुन्हा लावताना सगळे लाइट एकदम चालू करू नका. आधी जमिनीवर टेपने माणसाच्या जागेची फुली, मग कॅमेरा, मग बिनफ्लॅशची काळी फ्रेम. त्यानंतर एकटा की: अंतर, उंची, दिशा, रोख, आणि हे सगळं झाल्यावरच मीटर. वाचन एफ/८ येईपर्यंत पॉवर हलवा; आकडा जुन्या नोंदीपेक्षा वेगळा आला तरी चालेल, पण अर्ध्या स्टॉपपेक्षा जास्त वेगळा आला तर एखादं कापड राहिलंय का ते बघा. पॉवर कमी केल्यावर एक चाचणी फ्लॅश मारा, कारण काही जुन्या लाइटमध्ये आधीचा साठा तसाच राहतो आणि पहिली चमक जास्त येते. मग जुन्या एकट्या कीच्या फ्रेमशेजारी नवी ठेवून नाकाच्या सावलीचं टोक, गालावरच्या सावलीची कड आणि डोळ्यातलं प्रतिबिंब बघा. हे जुळल्यावर की बंद, फिल चालू. एकत्र फ्रेम सगळ्यात शेवटी. सवय झाली की तीन लाइटला अर्धा तास पुरतो.

राहिले तुमचे नऊ जुने फोटो, ज्यांची अशी नोंद नाही. त्यातला सगळ्यात स्पष्ट चेहरा निवडा आणि १०० टक्के मोठा करा. बुबुळातल्या प्रतिबिंबावरून लाइटचा आकार, घड्याळातली जागा आणि आतलं कापड होतं की नाही हे कळतं. आतलं कापड नसेल तर मधोमध जास्त उजळ ठिपका दिसतो. नाकाची सावली कुठे संपते त्यावरून उंची आणि दिशा ठरवा. ती सावली ओठांकडे किती उतरलीय ते बघा, कारण उंचीतला दहा सेंटिमीटरचा फरक तिथे लगेच दिसतो. बुबुळाच्या रुंदीशी प्रतिबिंबाची रुंदी ताडून अंतर काढा, जसं मी ८० सेंटिमीटर काढलं: एक चाचणी फोटो काढा, प्रमाण मोजा, चाचणी फोटोतलं प्रतिबिंब लहान असेल तर लाइट त्या प्रमाणात जवळ आणा. हनुवटीखालची सावली किती गडद आहे ते फिलचं माप. बॅकग्राउंडचे रंगाचे आकडे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, मग वर आणि खाली वाचा, म्हणजे त्या लाइटचा रोख कुठे होता ते मिळेल. तुमच्याकडे जुन्या पॉवर आहेत आणि लाइटही तेच आहेत, तर त्या इथे ताळा करायला कामी येतील: प्रतिबिंबावरून काढलेल्या अंतरावर जुनी पॉवर लावली आणि मीटरने जुन्या अॅपर्चरच्या जवळपास वाचन दिलं, तर अंतर बरोबर निघालं असं समजा.

हे सगळं त्या दोघांना बोलावण्याच्या आदल्या दिवशी करा, जुन्या नऊ जणांपैकी कोणाच्या तरी चेहऱ्याशी मिळतीजुळती ठेवण असलेल्या ओळखीच्या माणसाला स्टुलावर बसवून. जुळलं की लाइट हलवण्याआधी कार्ड लिहा आणि एकट्या लाइटच्या फ्रेम काढून घ्या.